गॅलन

गॅलन घरात येतो तो गराजच्या दारानं, कुणाच्या तरी दोन बोटांत लटकत, आणि थेट फ्रीजमध्ये जाऊन उभा राहतो. अंगानं भरलेला, म्हणजे चार लिटरला जरा कमी, ३.७८ लिटर. खांद्याला पोकळ कान, डोक्यावर लाल नाहीतर निळं टोपण आणि बरगडीवर एक गोल खळगा. दुकानात कुणीतरी आपटला असावा, असं नवख्याला वाटतं. पण ती मुद्दाम केलेली सोय आहे. दूध गोठून फुगलं किंवा कॅन हातातून निसटून आदळला, तर खळगा बाहेर येतो, दाब स्वतः सोसतो आणि दूध जमिनीवर जाऊ देत नाही. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिल-ऑरोराच्या बाजूला जी मराठी घरं आहेत त्यांत आठवड्याला असे दोन तरी लागतात. चहा, विरजण, मुलांचं दूध, पाहुणे आले की बासुंदी. दूध पूर्ण सायीचंच हवं. एक टक्केवाल्याचंही दही लागतं, पण त्याला दही म्हणवत नाही.

त्याचा एक चौकोनी चुलतभाऊ आहे. २००८ च्या सुमारास काही मोठ्या घाऊक दुकानांनी तो आणला. मान नाही, अंगाला कोपरे, एकावर एक रचता येतो, क्रेट लागत नाही, ट्रकमध्ये जास्त मावतो. सगळी सोय विकणाऱ्याची. ओतायला गेलं की पहिली धार ओट्यावर. गिऱ्हाइकांची ती कुरकुर तेव्हा वर्तमानपत्रांत छापूनसुद्धा आली होती. आपला गॅलन जुन्या घराण्यातला, उतरत्या खांद्यांचा. ओतताना खळखळ करतो, पण सांडत नाही.

घरातलं त्याचं आयुष्य तीन-चार दिवसांचं. दूध संपलं की हा गृहस्थ मुळात पांढरा नव्हताच हे कळतं. अंग धुकट, उजेड आत घेणारं, पण आतलं नीट दिसू न देणारं. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो, ती त्याच्या प्लॅस्टिकची कुळी. एकदा विसळलं, चेपलं आणि रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकलं की संपलं.

आई सांगलीहून आली की मात्र हे थांबतं. दुधाच्या पिशव्या धुवायच्या, मोरीच्या फरशीला चिकटवून वाळवायच्या आणि रद्दीवाल्याला वजनावर घालायच्या, यात जिची हयात गेली, तिला एवढा दणकट, कानाचा, टोपणाचा कॅन टाकून द्यायचा हे पटतच नाही. "इथे भंगारवाला येत नाही का गं?" नाही येत. मग बेसमेंटमध्ये गॅलनची रांग लागते. एकात तांदूळ, एकात तूरडाळ, दोन-तीनांत नुसतं पाणी, 'नळ गेला तर' म्हणून. इथे नळ जात नाही हे सांगून उपयोग नसतो. मुक्कामाचे सहा महिने संपवून ती परत जाते. रांग राहते.

त्या रांगेची किंमत कळायला घरामागे फुलांचा मोठा ताटवा करायची हौस यावी लागते. नव्या वसाहतींत बिल्डर वरची काळी माती खरवडून नेतो आणि खालच्या पिवळट चिकणमातीवर लॉनच्या गुंडाळ्या उलगडून देतो. इलिनॉयला 'प्रेअरी राज्य' म्हणतात. माणसाच्या डोक्यावर जाणारी गवतं आणि त्यांत फुलंच फुलं असा हा मुलूख होता. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहारानं याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावी पोलादी फाळाचा नांगर केला. चिकट माती त्याला धरून राहीना, आणि नंतरच्या काही दशकांत सगळी प्रेअरी शेताखाली गेली. मूळच्या प्रेअरीचा शेकडा एक हिस्साही आज धडपणे उरलेला नाही. तेव्हा अशा जागी देशी फुलझाडं लावणं म्हणजे मूळ मालकाला त्याच्याच घराचा एक कोपरा परत देणं आहे. विचार मोठा असतो. मग माणूस नर्सरीत जातो आणि विचार लहान होतो.

हिशेब असा. वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद वाफा धरा. दीड-दीड फुटावर एक झाड म्हटलं तरी पन्नासाच्या वर रोपं लागतात. दर वर्षी पुन्हा फुटणारं फुलझाड नर्सरीत ज्या काळ्या कुंडीत मिळतं, तिलाही गॅलनचीच कुंडी म्हणतात, मात्र ती भरून पाहिली तर गॅलन भरत नाही. एकेका कुंडीचे बारा-पंधरा डॉलर, म्हणजे सहाशे ते आठशे डॉलर नुसत्या रोपांचे. नवशिका मग तीन रोपं घेतो, ती वाफ्यात लांब लांब लावतो आणि मधली जागा लाल रंगवलेल्या मल्चनं झाकतो. दर वसाहतीत असा एक तरी वाफा दिसेल, ज्यात झाडांपेक्षा भुशावरच जास्त खर्च झालेला आहे.

आपला गॅलन चार डॉलरला येतो, आणि त्यातलं दूध आपण आधीच पिऊन झालेलं असतं.

भर थंडीत, उघड्यावर, अशा कॅनमध्ये बी पेरायची रीत इकडे 'विंटर सोइंग' म्हणून रूढ आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ट्रूडी डेव्हिडॉफ या बाईंनी ती नावारूपाला आणली. रीत इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. डिसेंबर-जानेवारीत गॅलन कोमट पाण्यानं धुवायचा. सायीचा आंबूस वास कानाच्या पोकळीत लपून बसतो, तिथे साबणाचं पाणी दोनदा घुसळायचं. पेचकस गॅसवर तापवून बुडाला भोकं पाडायची. प्लॅस्टिकच्या धुराचा वास घरभर होतो म्हणून खिडकी उघडून, आणि घरातल्या मंडळींनी "काय जळतंय?" विचारल्यावर उत्तर न देता. भोकं पाच-सहा तरी हवीत, कारण कमी भोकांच्या गॅलनमध्ये चिखल होतो आणि बी कुजतं. मग कानाच्या खालची बोटभर जागा सोडून कमरेतून चौफेर कापायचा. ती सोडलेली जागा म्हणजे बिजागरी. वरचं अर्धं अंग मागे पडतं, खालच्यात चार इंच पॉटिंग मिक्स भरायचं, भिजवायचं, वर बी भुरभुरायचं, अंग पुन्हा मिटायचं आणि रुंद चिकटपट्टी गुंडाळायची. दोन घनफुटांच्या एका पिशवीत वीसच्या वर गॅलन भरून होतात. बियांच्या पाकिटाला तीन-चार डॉलर, आणि इथल्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत बियांचा एक कप्पा असतो, तिथे तेही फुकट. सगळं धरून पन्नास डॉलरच्या आत काम होतं. नाव लिहायचं ते मार्करनं नको, उन्हानं दोन महिन्यांत पुसतं. पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून आत खोचावी. पेन्सिलीचं अक्षर टिकतं.

टोपण मात्र काढून ठेवायचं. नवशिक्याचा हात इथेच अडतो. थंडी आत जाईल ना! जायलाच हवी. गॅलनचं सगळं कर्तृत्व या न झाकलेल्या तोंडात आहे. पाऊस तिथून आत जातो, बर्फ विरघळून आत जातो, दुपारची वाफ बाहेर येते. प्रेअरीच्या बऱ्याच फुलांचं बी कोरड्या, उबदार घरात पेरलं तर रुसून बसतं. ओल्या थंडीत महिना-दोन महिने काढल्याशिवाय त्याच्या आतलं उगवण रोखून धरणारं कुलूप उघडत नाही. कवच गोठतं, सैलावतं, पुन्हा गोठतं, आणि असं होता होता मऊ पडतं. शरदात जमिनीवर पडून वसंतात उगवायचं, अशी त्याची मूळची सवय. घरात हेच करायचं तर ओल्या वाळूत बी कालवून पिशव्या फ्रीजमध्ये ठेवा, मग दिवे लावा, तारखा सांभाळा. गॅलन हे सगळं काहीही न करता करतो. तो नुसता बाहेर बसतो.

आणि काय बसतो! डेकच्या खाली, उत्तरेचा वारा अडेल अशा जागी, ओळीनं. जानेवारीत पारा शून्याखाली पंधरापर्यंत जातो. बर्फ एकदा नीट पडला की सगळे खांद्यापर्यंत बुडतात, वर फक्त उघडी तोंडं. रात्री वारा सुटला की एखादं तोंड हळूच हुंकारतं. कुणी विचारलं तर बागकाम चालू आहे असं सांगता येतं, आणि आपण सोफ्यावर चहा पीत असतो.

मार्चात बर्फ उतरतो आणि गॅलनच्या अंगाला आतून घाम सुटतो. उन्हाच्या दिवशी आत गरम होतं, वाफ धुकट प्लॅस्टिकला धरते, रात्री थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. आता एकच काम असतं, ते म्हणजे कानाला धरून उचलून बघणं. जड लागला तर खाली ठेवायचा, हलका लागला तर पाणी द्यायचं. हे तोलणं आठवडाभरात हाताला कळतं, त्याला मीटर लागत नाही. एप्रिलमध्ये एके सकाळी तोंडातून आत डोकावलं की दोन-दोन पानांची गर्दी दिसते. कोनफ्लॉवरच्या काही पोरांच्या डोक्यावर बियाचं टरफल अजून तसंच अडकलेलं असतं. ते काढायचा मोह आवरावा, ओढलं तर मान तुटते.

कोण कोण असतं आत? जांभळा कोनफ्लॉवर, पिवळी ब्लॅक-आइड सुझन, कोलंबाइन. बी बाम असतो, ज्याचं पान चुरगळलं की थेट ओवा. हा भास नव्हे, दोघांत थायमॉल हे द्रव्य एकच आहे. आणि मिल्कवीड, जिला इलिनॉयनं २०१७ मध्ये राज्याचं रानफूल केलं. मिल्कवीडशी आपली ओळख जुनी आहे, फक्त इथे आल्यावर चेहरा बदलला. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, त्या रुईच्या कुळातली ही. पान तोडलं की तसाच पांढरा चीक. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या हिच्याशिवाय दुसरं काही खात नाहीत. आपल्याकडे रुईवर ज्याच्या पट्टेदार अळ्या दिसतात ते नारिंगी फुलपाखरू मोनार्कचं सख्ख्या नात्यातलं. दुधाच्या कॅनमध्ये चिकाची झाडं वाढवायची, यात गॅलनला काही विशेष वाटत नसावं.

एका गॅलनमधून पंचवीस-तीस रोपं निघतात, आणि इथे हौशी माणूस चिमट्यानं एकेक सोडवायला बसतो. बसू नये. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. खोबऱ्याच्या वड्या पाडतो तशी सुरी उभी-आडवी फिरवायची आणि चौकोन तसेच उचलून लावायचे. त्यातलं जे जोरदार आहे ते पुढे जातं, बाकीचे मागे पडतात. निष्ठुर वाटतं खरं, पण दीडशे नाजूक रोपांची प्रत्येकी शुश्रूषा करण्याइतकी सुट्टी कुणाला आहे?

वाफाही असाच, खणल्याशिवाय. आदल्या शरदात लॉनवर डिलिव्हरीची खोकी उलगडून अंथरायची. गुळगुळीत रंगीत छपाईची नकोत, चिकटपट्ट्या आधी सोलून काढायच्या आणि कडा वीतभर एकमेकांवर चढवायच्या, नाहीतर फटीतून गवत हसत वर येतं. भिजवून वर पानगळीची पानं किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. झाडं तोडणाऱ्यांना भुसा टाकायला जागा हवीच असते, ते कधीकधी फुकट आणून ओततात. हिवाळ्यात खालचं गवत मरतं, पुठ्ठा मऊ होतो, आणि मे महिन्यात त्याला खुरप्यानं भोक पाडून वड्या लावता येतात. खुरपं मारायच्या आधी, कामाचे काही दिवस हातात ठेवून, ८११ ला फोन करायचा. इलिनॉयमध्ये ही सेवा ज्युली नावानं ओळखली जाते. पैसे घेत नाहीत. माणसं येऊन जमिनीखाली काय काय गेलंय ते झेंड्यांनी आखून जातात. पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पाण्याचा, नारिंगी इंटरनेटचा. आपल्या ताटव्यात सर्वांत आधी फुलतात ते हे झेंडे.

आता जी गोष्ट बियांच्या पाकिटावर बारीक अक्षरात असते ती मोठ्यानं सांगायला हवी. गॅलन पैसे वाचवतो, पण ते वेळात वसूल करतो. नर्सरीतलं रोप म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी वाट पाहून ठेवलेली दोन वर्षं, आणि बारा-पंधरा डॉलर त्याचेच असतात. बियाचा कोनफ्लॉवर पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक नुसती पानं दाखवतो. मिल्कवीड तर वीतभर वाढून गप्प बसते, सगळा कारभार जमिनीखाली. पन्नास डॉलरच्या वाफ्यात पहिल्या वर्षी जे दिसतं त्याला फोटोत 'बाग' म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. पुष्कळ जण इथेच खचतात आणि ऑगस्टमध्ये नर्सरीत जाऊन सेलमधली मरगळलेली झाडं घेऊन येतात.

या रिकाम्या वर्षासाठी झेंडू आहे. गेल्या दसऱ्याला दाराला बांधलेलं तोरण टाकून द्यायचं नाही. एक वाळलेलं फूल चुरगळलं की काळ्या काड्यांचा, पांढऱ्या शेपट्यांचा ढीग पडतो. तोच बियाणं. दुकानी फुलं बहुधा संकरित असतात, त्यामुळे पोरं आईबापांसारखी निघतीलच असं नाही. गोंड्याच्या जागी कधी विरळ पाकळ्यांचं फूल येतं. येऊ दे. फक्त त्याला जानेवारीत बाहेर बसवू नका. झेंडू मेक्सिकोचा, त्याला गारठ्याचं कौतुक नाही. त्याची पाळी एप्रिलच्या मध्याला, दूध संपलेल्या नव्या गॅलनमध्ये. मदर्स डे झाला, पहाटेची हिमबाधा टळली, की वाफ्यात. जुलैपासून तो एकटा सगळी पोकळी भरून काढतो आणि दसऱ्याला तोरणापुरता घरचाच निघतो. इंडियन स्टोअरमध्ये त्या आठवड्यात झेंडूला जो भाव असतो, तो पाहता हे लहान काम नाही. ऑरोरात मेक्सिकन वस्ती मोठी आहे, त्यांच्या दुकानांत हाच झेंडू ऑक्टोबरच्या शेवटी येतो, पितरांच्या सणाला. थोडं मागेपुढे झालं असतं तर एकाच पाटीतून दोघांचं भागलं असतं.

झेंडूला या राज्यात राजकारणही करता आलं, हे बऱ्याच मराठी लोकांना ठाऊक नसतं. इथलेच सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी १९५९ पासून त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय फूल करायचा धोशा लावला होता. पाठीशी होते फिलाडेल्फियाचे बियाणं-व्यापारी डेव्हिड बर्पी. याच बर्पींनी १९५४ मध्ये पांढऱ्याशुभ्र झेंडूचं बी आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले, आणि ते १९७५ मध्ये आयोवाच्या ॲलिस व्हॉन्क या बाईंनी घरच्या बागेत वर्षानुवर्षं बी निवडत राहून मिळवले. राष्ट्रीय फुलाचा मान शेवटी १९८६ मध्ये गुलाबाला गेला. डर्कसन यांच्या पेकिन गावात मात्र दर वर्षी झेंडूचा उत्सव भरतो. गुलाबाला काय, कुठेही मान आहे. दाराला बांधायला तो कामाचा नाही.

समोरच्या अंगणात गॅलनची रांग मांडली की वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र येऊ शकतं. कचरा समजून. २०२४ मध्ये इलिनॉयनं कायदा करून अशा असोसिएशनना देशी झाडांच्या बागेवर सरसकट बंदी घालायला मनाई केली. कायद्यात झाडांना संरक्षण आहे, गॅलनला नाही. म्हणून तो मागच्या अंगणातच बरा.

तसाही त्याला फार दिवस राहायचं नसतं. उन्हानं अंग कडक होतं. पुढच्या हिवाळ्यात त्यालाच पुन्हा कामाला लावायला गेलं तर बिजागरीपाशी तडकतो. मग निळा डबा, आणि फ्रीजमधून नवा. शेजारच्या आजोबांनी आमचा ताटवा दुसऱ्या वर्षी फुलल्यावर सगळी माहिती विचारून घेतली, टिपून ठेवली आणि मग अडचण सांगितली: त्यांच्या घरी ओटचं दूध, तेही कागदी खोक्यातलं. तेव्हापासून डिसेंबरात त्यांना आमच्याकडून गॅलन जातात, धुतलेले, भोकं पाडलेले. बदल्यात ते पानांच्या पिशव्या आणून देतात, बारीक करून. टोपणं आम्ही देत नाही. ती टाकू नकोस म्हणून आईनं फोनवर बजावलंय. त्यांचं काय करायचं ते ती मे महिन्यात आल्यावर सांगणार आहे.